खोडलेल्या तीन ओळी

यादी तेरा ओळींची होती. त्यातल्या तीन मी खोडल्या. कागद म्हणजे एका लग्नपत्रिकेचा मागचा कोरा भाग. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले गोपशेठ कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी अशाच कागदांवर लिहून देत. त्यांच्या मेहुण्याचा पत्रिका छापण्याचा कारखाना होता आणि चुकलेल्या पत्रिकांचे गठ्ठे दुकानात पडून असत. तो कागद आता माझ्याकडे नाही. कोणत्या ओळी खोडल्या ते आठवतं: नऊ, दहा आणि बारा. नवव्या ओळीवर आवाजाचं कार्ड होतं, दहाव्या ओळीवर दुसरी हार्ड डिस्क, बाराव्या ओळीवर पदराला अडकवता येईल असा छोटा माईक. पुढे पंचवीसएक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून मी दुसऱ्यांच्या ओळी खोडल्या. त्यातली एकही अशी क्रमांकासह लक्षात नाही.

आम्ही तेव्हा खरवईत राहत होतो. बदलापूर स्टेशनकडून चालत निघालं की वस्ती विरळ होत जाई, शेवटच्या चाळीनंतर भाताची खाचरं लागत, आणि त्यांच्या कडेला आमचं कौलारू घर होतं. आज तिथे इमारती आहेत आणि आमच्या पडवीच्या जागेवर कोणाची तरी मोटार उभी असते. घरात आम्ही पाच माणसं. बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कारखान्यात पाळीने जात. ज्या आठवड्यात ज्या रंगाचं काम चालू असेल त्या रंगाच्या कडा त्यांच्या नखांना असत, आणि आई ताट वाढताना आधी त्यांच्या हातांकडे बघे. पिवळा आठवडा असला की म्हणे, "झालं, नवरदेव आले." बाबा भाकरी मोडत. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, पावसाळ्याच्या आधी घालून ठेवलेल्या आंबोशीचं सार, असं साधं जेवण. माझा मोठा भाऊ नरेशदादा लग्नांची व्हिडिओ शूटिंग करी. मी कॉलेज संपवून उल्हासनगरच्या एका साप्ताहिकात मुद्रितं तपासत होते. पाचवी चांगुणाआत्या. बाबांची थोरली बहीण. सासरी मूलबाळ नव्हतं, आणि मी शाळेत जाण्याच्या आधीच ती माहेरी येऊन राहिली होती.

आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात जिच्या गाण्यावर विधी चालतात ती बाई. भटजी येतो तो मुहूर्तापुरता. त्याआधी तांदळाच्या पिठाने चौक भरणं, देवांना एकेक करून मांडवात बोलावणं, नवऱ्याला हळद लावणं, या प्रत्येकाचा धवला असतो आणि तो म्हणून झाल्याशिवाय पुढचं काम होत नाही. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. सासूच्या मागे बसून, तिच्या ओळीचं शेवटचं टोक उचलत उचलत, म्हणजे झील धरत, ती हे सगळं शिकली होती. तिचा आवाज गोड नव्हता. रुंद होता, कडेला थोडा खरवडलेला. ओळ संपली तरी तो संपत नसे, पुढच्या ओळीपर्यंत तसाच ओढला जाई.

लग्नसराई नसली तरी ती रोज सकाळी पडवीत तांदूळ निवडताना म्हणे. विसरू नये म्हणून. आमच्या घरात घड्याळाचं काम ते गाणं करी. आई भाकऱ्या थापायला बसे तेव्हा आत्या गावदेवीपाशी पोचलेली असे. शेवटची भाकरी तव्यावर असताना सगळे देव मांडवात येऊन बसलेले असत. एखाद्या दिवशी आत्या पुढे गेली तर आई आतून ओरडे, "वन्सं, जरा सावकाश, अजून चार भाकऱ्या आहेत." आणि आत्या खरोखरच एखाद्या देवाला वाटेत थांबवून ठेवी.

तिच्या मागे झील धरणारी बाई वारली तेव्हापासून ती मला बोलवू लागली.

"मंजे, बस हितं. दोन ओली धर."

"आत्या, मला प्रुफं तपासायचीयत."

"कागदावरचा सुदारतंस. तोंडातला कोन सुदारल मग?"

मी हसून टाळायची. मला ते नको होतं, हे सरळ लिहिलेलं बरं. साप्ताहिकात मला लोक 'मॅडम' म्हणू लागले होते आणि मांडवात पाटावर बसून सुपातले तांदूळ पाखडत गाणारी बाई मला व्हायचं नव्हतं. तसं तिला म्हणता येत नव्हतं. मग कॉम्प्युटरचा विषय निघाला आणि माझी सोय झाली.

दादा शूटिंग स्वतः करी, पण कॅसेटची जोडणी, ज्याला धंद्यात मिक्सिंग म्हणत, ती उल्हासनगरला दुसऱ्याकडून करून घ्यावी लागे. तो माणूस सांगितलेल्या दिवशी कधी देत नसे. नवरीकडचे लोक दादाच्या नावाने ओरडत. घरीच मशीन असावं असं ठरलं आणि बाबांनी फंडातून पैसे काढले. किती, तो आकडा मला आठवत नाही. आठवत नसलेला आकडा लिहू नये. त्या पैशांत तयार कंपनीचं मशीन येत नव्हतं. सुटे भाग घेऊन जोडून घ्यावं लागणार होतं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून भाग निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याच आठवड्यात आत्याने पुन्हा मला पडवीत बोलावलं आणि मी म्हटलं, "आत्या, शिकायचं कशाला? दादाचा कॉम्प्युटर आला की तुझे सगळे धवले आत भरून ठेवू. कायमचे राहतील."

"मी मेल्यावर पन?"

"तू मेल्यावरही."

तिने सूप खाली ठेवलं. "मग तो माज्यापेक्षा शाना हाय," ती म्हणाली. पुन्हा तिने मला बसायला सांगितलं नाही.

यादीवर मी दोन महिने काम केलं, आणि त्या कामात मला आनंद झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन मासिकं आणि तीन दुकानं यांच्याकडून प्रत्येक गोष्ट पडताळून घेतली. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला आणि त्यातून उरलेलं मेमरीत घातलं, कारण चित्रं जोडताना मशीन अडखळतं ते मेमरीपाशी. पॉवर सप्लाय हलका घ्यायचा नाही, कारण खरवईत वीज दिवसातून दोनदा जाई आणि येताना झटका देऊन येई. कॅबिनेट सर्वांत स्वस्त, पत्र्याचंच तर खोकं. मॉनिटर पंधरा इंची. एकाचं कमी करून दुसऱ्याचं वाढवायचं, आणि कुठेही उगाच काही सांडू द्यायचं नाही. पुढे पानाची मांडणी करताना मला हेच करावं लागलं. त्या कामात मी चांगली होते.

गोपशेठांच्या दुकानात शिरलं की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास समोर येई. खरेदीचं नंतर. दादाच्या स्कूटरवर बसून आम्ही एमआयडीसीच्या रस्त्याने जायचो, नाकातोंडात त्या रस्त्याचा आंबूस वास भरलेला असायचा, आणि त्यावर तो पापड फार चांगला लागे.

"आओ, डायरेक्टर साहेब," गोपशेठ दादाला म्हणत. "आज भी देखने का, की लेने का?"

"बहीण सांगेल," दादा म्हणे.

"मतलब आज भी देखने का."

शेवटच्या फेरीला यादी पूर्ण होती आणि पैशात बसत होती. तेव्हा गोपशेठांनी दुकानातल्या मशीनवर एक तुकडा लावून दाखवला. पडदाभर मिटलेलं कमळ. पाकळ्या एकेक करून उघडतात आणि आत नवरीचा चेहरा, हसणारा. मग ते कमळ फिरत फिरत लहान होतं आणि त्यातून नवरदेव निघतो. दादाने तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला. हे साध्या कार्डावर होणार नव्हतं. त्याला इफेक्टचं वेगळं कार्ड लागत होतं, आणि ते यादीतल्या कोणत्याही दोन भागांपेक्षा महाग होतं.

"मंजू, हे नसेल तर लोक आपल्याकडे येणारच नाहीत," दादा म्हणाला. तो विनवत होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. मलाही ते कमळ आवडलं होतं. मी कागद ओढून घेतला आणि काय काढता येईल ते बघितलं.

इथे त्या वेळची पद्धत सांगायला हवी. आमच्या भागात लग्नाच्या कॅसेटमध्ये लग्नाचा आवाज नसे. तो कोणाला नको असे. जनरेटरची घरघर, पोरांचं रडणं, जेवायला बसा म्हणून ओरडणारा मामा, हे कोण ऐकणार? कॅमेऱ्याने टिपलेला आवाज सगळा काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी घालायची. हळदीला एक, वरातीला एक, नवरी निघताना एक, ही गाणीही ठरलेली. ती कॉम्प्युटरमधून जायचीसुद्धा नाहीत. चित्र कॉम्प्युटरमधून व्हीसीआरमध्ये, आणि गाणं शेजारच्या टेपरेकॉर्डरमधून वायरने थेट त्याच व्हीसीआरमध्ये. म्हणजे धंद्यापुरतं बघितलं तर मशीनला आवाजाची गरजच नव्हती. आता प्रत्येक बोर्डावर आवाज बसवूनच येतो. आम्हाला परवडणाऱ्या बोर्डावर तो नव्हता, वेगळं कार्ड घ्यावं लागे. दुसरी हार्ड डिस्क केवळ साठवणीसाठी होती, आणि गिऱ्हाइकाला कॅसेट दिल्यावर साठवून करायचं काय? माईक या दोन्हींशिवाय निरुपयोगी. नऊ, दहा, बारा. मी तीन रेघा मारल्या. बेरीज जमली.

गोपशेठांनी चष्मा कपाळावर चढवला. "आवाज का कार्ड निकाल रही हो?"

"गाणी टेपवरून जातात. कॉम्प्युटरला आवाज कशाला?"

"बेटा, आवाज के बिना तो मय्यत भी नहीं होती. ये तो शादी है."

दादा हसला. मीही हसले. "नंतर घेऊ," मी म्हटलं. "बोर्डावर कार्ड बसवायची खाच आहे ना?"

"खाच तो है," गोपशेठ म्हणाले. "खाच कहाँ भागेगी?"

घरी बाबांनी यादी हातात घेतली. त्यांच्या नखांना त्या आठवड्यात निळी कड होती. इंग्रजी नावं त्यांना कळत नव्हती, पण कारखान्यात मिश्रणाचे तक्ते बघायची सवय असल्याने खोडलेलं आधी दिसलं. "हे काय काढलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं. "चांगुणाचं भरायचं होतं ना त्याच्यात?"

"नंतर. पुढच्या सीझनला. खाच ठेवलीय."

शिकलेल्या मुलीने ठेवली म्हणजे ठेवली असेल, अशी मान हलवून त्यांनी कागद परत दिला.

मशीन आलं, पुढच्या खोलीत टेबलावर बसलं. आईने त्याला विणलेलं झाकण घातलं. आत्याने हळदकुंकू लावलं, नेमकं हवा जायच्या जाळीवर, आणि दादाने ते नंतर ब्रशने साफ केलं. मशीनवरचं पहिलं लग्न गावातलंच होतं, आमच्या भावकीतल्या मुलाचं. आत्याने त्याची तयारी आठ दिवस आधी सुरू केली. आंबट बंद केलं. ज्येष्ठमधाची काडी गालात धरून ती घरभर फिरे. मला दोनदा म्हणाली, "ह्या वक्ताला काय पन गालनार नाय. समदा बोलनार." आम्हाला ते कळलं. त्या वर्षांत धवले छाटून म्हणावे लागत. बँडवाले खोळंबलेले असत, तरुण मुलांना नाचायचं असे, आणि आत्या दहा देवांऐवजी चार देव बोलावून मोकळी होई.

त्या हळदीला तिने सगळे बोलावले. मांडवात मधोमध पाट, समोर चौक, हातात सूप. मागे झील धरायला कोणी नव्हतं, म्हणून नवऱ्याची चुलती सुगंधा, नुकतीच गावात लग्न होऊन आलेली, तिच्या मागे बसली आणि येईल तसं ओळीचं टोक उचलू लागली. चुकली की आत्या न थांबता कोपराने तिला ढोसायची. बाहेर बँडमास्तर ट्रम्पेट काखेत धरून उभा होता. नवऱ्याचा मामा दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आत्याबाय, उरकता घे जरा. पोरा थांबल्यान."

आत्याने धवला मध्येच थांबवला. मी तिला तसं करताना कधी पाहिलं नव्हतं. "माज्या पोरीच्या मशीनमंदी जातंय ह्या," ती म्हणाली. "लगीन काय परत करशील. ह्या परत नाय व्हनार. बस खाली."

मामा खाली बसला. लोक हसले. आत्याने तीच ओळ पुन्हा धरली. दादा समोर कॅमेरा खांद्यावर घेऊन होता आणि ती नवऱ्याकडे न बघता काचेकडे बघून गात होती, जशी एखादी बाई दाराआडच्या माणसाला सांगते तशी. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. ती किती वेळ गायली ते मी मोजलं नाही. काय गायली तेही ऐकलं नाही. दिव्याची वायर कोणाच्या पायात येऊ नये याकडे माझं लक्ष होतं. संपल्यावर तिने घाम पुसला आणि एवढंच विचारलं, "आयला का समदा?"

"आलं," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी कॅसेट बघायला भावकी आमच्या घरी जमली. आईने कांदाभजी तळली होती. आत्या नवं लुगडं नेसून टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. हळदीचा भाग आला. दादाने तिच्यासाठी एक गंमत करून ठेवली होती आणि ती कोणाला सांगितली नव्हती. पडद्यावर कमळ आलं, पाकळ्या उघडल्या आणि आत नवरीच्या ऐवजी आत्या होती. सूप हातात, तोंड उघडलेलं, मान थोडी वर. घरात टाळ्या पडल्या. "आत्या हिरोईन झाली!" सुगंधा ओरडली. "आत्याबाय, आता आम्हाला वलख द्याल ना?" आत्याही तोंडावर पदर धरून हसली. मग ती ऐकू लागली. तिचे ओठ हलत होते आणि वर एक सिनेमाचं गाणं चालू होतं, ढोलकीवरचं, कोणा तरुण बाईच्या आवाजात. ओठ थांबत तेव्हा गाणं चालू राही. गाणं थांबे तेव्हा ओठ हलत. पुढचा पूर्ण भाग तसाच होता.

भजीची परात घेऊन मी तिच्यापाशी वाकले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. हळू विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं.

"माजा आवाज?"

माझ्याकडे खरं उत्तर होतं आणि ते छोटं होतं. घेतला नाही. त्यासाठीचा भाग मी काढला. एवढंच म्हणायचं होतं. खोली भरलेली होती, दादा खूश होता, आणि तिने नवं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, "आत आहे, आत्या. कॉम्प्युटरमध्ये. ही कॅसेट नुसती बघायची."

तिने मनगट सोडलं. वळून टेबलावरच्या मशीनकडे बघितलं आणि मान हलवली. मग एक भजं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दादाला शूटिंगची मूळ कॅसेट मागितली. कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक असतो. वाईट असेल, घरघरीत असेल, पण त्या कॅसेटवर तिचा आवाज असणार होता. दादा कपडे करत होता.

"ती? ती कॅमेऱ्यात आहे. वांगणीला साखरपुडा केला ना काल संध्याकाळी."

"त्याच्यावरच भरलं?"

"मग? तीनच तर कॅसेटी आहेत आपल्याकडे. फिरवून फिरवून वापरतो." त्याने माझ्याकडे बघितलं. "आत्याचं होय? आधी बोलायचं ना गं. पुढच्या लग्नात घेऊ परत."

त्या धंद्यात मूळ कॅसेट कोणी जपत नसे. दादाची चूक नव्हती. कॅसेट बाजूला ठेव, एवढं एक वाक्य मला मधल्या तीन आठवड्यांत कधीही बोलता आलं असतं.

पुढच्या लग्नात घेतलं नाही. ते घ्यायचं तर आत्याला पुन्हा सगळं म्हणायला सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर आधीचं नाही हे कबूल करावं लागलं असतं. मी प्रत्येक लग्नसराईला ठरवी आणि प्रत्येक लग्नसराई जाई. बोर्डावरची खाच रिकामी राहिली. आवाज हवा असं कोणा गिऱ्हाइकाने कधी म्हटलं नाही. दरम्यान मला मुंबईच्या एका वर्तमानपत्रात डेस्कवर नोकरी लागली. तिथे पहिल्या दिवशी शिकवलं गेलं की ऐकलं नाही ते लिहायचं नाही, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. मी ते काटेकोर पाळलं. माझ्या पाळीत दुरुस्त्या सुटत नसत, अशी माझी ख्याती होती.

घरातला बदल मला उशिरा दिसला, कारण मी घरी कमी असे. तो आईने सांगितला. "वन्सं आता सकाळचं म्हणत नाहीत," ती म्हणाली. "भाकऱ्यांचा अंदाजच येत नाही." मी आत्याला विचारलं. ती तांदूळ निवडतच होती. "आता आत हाय ना," ती म्हणाली. "मी कशाला घसा फोरू?" त्यानंतर अधूनमधून, मी सुट्टीला गेले की, ती मशीनवरचं झाकण झटकत विचारी, "हाय ना गो आत?" आणि मी म्हणे, "आहे." हे मी किती वेळा म्हटलं ते सांगता येणार नाही. एकदा सुगंधा शिकायला म्हणून घरी आली होती, तेही आईकडूनच कळलं. आत्याने तिला चहा दिला आणि परत पाठवलं. म्हणाली, "मी इसरतंय आता, चुकीचा शिकवन. मंजूच्या मशीनमंदी बरोबर हाय. तिच्याकरशी घे."

तशी ती चार वर्षं जगली. शेवटच्या वर्षी दमा होता आणि एक पूर्ण ओळ एका श्वासात होत नसे.

तेराव्याला सुगंधा आली ती पिशवीत टेपरेकॉर्डरची एक कोरी कॅसेट घेऊन. वेष्टन न फोडलेली, नव्वद मिनिटांची. "मंजूताई, आत्याबायचा माज्यासाठी भरून द्या," ती म्हणाली. "घाई नाय. सवडीनं." मी तोवर तीन वर्षं वर्तमानपत्रात होते. मी तिला म्हटलं की हार्ड डिस्क उडाली. असं होतं कधी कधी, काही करता येत नाही. ती मशीनकडे पाहून चुकचुकली. मेलं मशीन, म्हणाली. कॅसेट तिने परत नेली.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीने मला फोनवर एक यादी पाठवली. ती चित्रपटांसाठी अॅनिमेशन करते आणि घरी स्वतःचं मशीन जोडून घेते आहे, बेताच्या पैशात. आत्या, तू म्हणे यात एक्सपर्ट होतीस, जरा बघ, असं तिने लिहिलं होतं. यादी चांगली होती. मी फक्त विचारलं, माईक कुठे आहे? तिने हसण्याची तीन चित्रं पाठवली आणि लिहिलं की तो फोनमध्येच असतो.

त्याच मुलीच्या मैत्रिणीची हळद खरवईतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होती. मीही गेले. तिथे सुगंधा पाटावर बसलेली होती, केस पूर्ण पांढरे, समोर चौक, डीजेचा माईक तोंडाशी धरलेला. इथून तिथून, वांगणी-बारवीकडच्या म्हाताऱ्यांकडून गोळा करत तिने स्वतःचं स्वतः जमवलं आहे. आता या भागात तिलाच बोलावतात. मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. गावदेवीपर्यंत नीट आलं. त्यानंतर एके ठिकाणी तिचे शब्द थांबले आणि तीन-चार ओळींची जागा तिने नुसत्या हुंकाराने भरली, चाल बरोबर, लांबी बरोबर. मग शब्द पुन्हा सुरू झाले. हॉलमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. ती चाल ओढून धरण्याची पद्धत आत्याची होती.

जेवणं चालू असताना मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. क्रमाने सांगितलं: यादी, तीन ओळी, कॅसेट, आत्याला काय म्हटलं, तिला काय म्हटलं. ती ताटातला भात कालवत ऐकत होती. संपल्यावर तिने हात थांबवला.

"म्हंजे आत कवाच नव्हता."

"नाही."

"आनि तुला पयल्याच दिशी म्हाईत व्हता."

"हो."

मला वाटलं ती रागावेल. मी त्याच्या तयारीने गेले होते.

"तवाच बोलली असतीस," ती म्हणाली, "तर चार वरसं व्हती गो ती. मी रोज गेली असती."

तेवढ्यात कोणीतरी तिला चौकाकडे हाक मारली. तिने ताट बाजूला सरकवलं, हात धुतला आणि सूप उचलून गेली.